रत्नपालकाकांचा हळू आवाज

आमचे घरमालक रत्नपालकाका. वडिलांकडून त्यांना वारशात एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे आवाज. वडील महूला फौजेत होते, रंगरुटांची कवायत घ्यायचे. काका काही फौजेत गेले नाहीत, सियागंजात एका पेढीचं गोदाम सांभाळून रिटायर झाले. पण "चहा घेणार का?" हेसुद्धा असं विचारतात की समोरचा सावधान उभा राहतो. मी देपालपुरचा, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, तरी हाक "देपालपुर!" अशीच.

अशा माणसाने नेमकं नाजूक काम अंगावर घेतलंय. मोहल्ल्यातलं एखादं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं गप्प झालं, शाळा बुडवू लागलं, की काका त्याच्या दारात हजर. मार्क विचारायचे नाहीत, उपदेश करायचा नाही, ही त्यांची रीत. "महूला चाललोय, मागे कोणी बसलं नाही की करमत नाही," एवढंच म्हणतात. पोरगं स्कूटरवर बसतं आणि शहर मागे पडलं की बोलायला लागतं. हेल्मेटमुळे काकांना त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही. मला तर वाटतं, पोरं बोलतात ती त्यामुळेच.

समोरचा ज्ञानदीप मात्र स्कूटरपर्यंत येईचना. बारावीत नापास झाला आणि त्याने खोलीचं दार लावून घेतलं. आई ताट दाराबाहेर ठेवायची. कधी रिकामं मिळायचं, कधी तसंच भरलेलं. ऑफिसातून ती सारखी फोन करायची आणि तो उचलेपर्यंत बिचारीचा जीव थाऱ्यावर नसायचा. काका एकदा दारापाशी जाऊन त्यांच्या मते हळूच म्हणाले, "बेटा, फेल होणं काही शरम की बात नाही!" गल्लीत ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही कळलं.

त्यावरून शहाणे होऊन काकांनी ज्ञानदीपच्या आईशी, प्रीतीताईंशी बोलून एक बेत केला. रविवारची बुद्धवंदना विहाराऐवजी त्यांच्या घरी करायची. पोरगं बाहेर आलं तर उत्तम, नाही तर दाराआडून चार माणसांचे आवाज तरी कानावर पडतील. रविवारी सकाळी काका घरोघर गेले. "आत्ता प्रीतीकडे या. पांढरे कपडे घाला, फुलं घ्या. कारण विचारू नका, पोराचा मामला आहे." जन्मात पहिल्यांदा ते खरोखर हळू बोलले.

आता पांढरे कपडे वंदनेलाही घालतात आणि मयतालाही. त्यात काकांचा आवाज इतका हळू. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

प्रीतीताई आत खीर ढवळत होत्या. बाहेरच्या खोलीत माणसं येऊन खाली मान घालून बसली. काका खूश. माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, पोराला त्रास नको म्हणून किती शांत बसलेत!"

तेवढ्यात कोपऱ्यावरचे दगडूआजोबा आले आणि उंबऱ्यातच फुटले. "काय पोरगं होतं रे! न सांगता माझं सिलिंडर वर चढवायचं. आणि मी त्याचे बॉल जप्त करत बसलो!"

जयामावशींनी डोळ्यांना पदर लावला. "किती सभ्य होता, भैया. माझा मोबाइल रोज बिघडायचा, पण एकदा तोंड वाकडं केलं नाही त्याने."

"नापास झाला तर झाला!" आजोबांना हुंदका आवरेना. "मी चौथी नापास. मेलो का मी?"

काकांना आत्ता उलगडा झाला. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आणि आतल्या खोलीची कडी वाजली.

विस्कटलेले केस, चुरगळलेला टी-शर्ट. ज्ञानदीप दारात उभा राहून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आजोबा, कोण गेलं?"

आजोबांनी वर पाहिलं. "तू," ते म्हणाले.

मग जयामावशी किंचाळल्या, "अगं बाई, आहे की!" आजोबा धडपडत उठले, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हाताने त्याला छातीशी धरलं. "पुन्हा असं करू नको, नालायका!"

"मी काय केलं?" म्हणत ज्ञानदीप हसला. डोळे मात्र वाहत होते. दाराआडून ऐकलेलं सगळं आपल्याबद्दलच होतं, हे त्याला आत्ता कळलं असणार. प्रीतीताई पळी हातात घेऊन बाहेर आल्या. काय घोटाळा झाला ते त्यांना कळलंच नाही. पोरगं बाहेर आलेलं पाहिलं आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

मग वंदना झाली. ज्ञानदीप आजोबांना टेकून बसला होता. शेजारच्या गल्लीतल्या वासुदेवरावांनी मोठा हार आणला होता आणि तो पाठीमागे लपवत होते. शेवटी तो बुद्धमूर्तीला घातला. खीर वाढल्यावर आजोबा ओशाळून म्हणाले, "मी तर घरी परतल्यावर अंघोळ करायची म्हणून पाणी तापत ठेवून आलोय."

ज्ञानदीपने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "आजोबा, सिलिंडर आलंय?"

"आलंय. परवापासून खालीच पडलंय."

ज्ञानदीपने चपला घातल्या. प्रीतीताई त्याच्या पायांकडे बघतच राहिल्या. तो गल्ली ओलांडून आजोबांच्या जिन्यापाशी पोचला तेव्हा कुठे काकांचा आवाज परत आला.

"देपालपुर! स्कूटर पुसून ठेव! उद्या महू!"

गल्लीतली कबुतरं उडाली. खांद्यावर सिलिंडर घेतलेल्या ज्ञानदीपने जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, "काका, ऐकू आलं!"