नाकं मोजणारे गाडेकर सर

दहावीचं वर्ष सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात गाडेकर सर प्रयोगशाळेतलं व्हर्निअर कॅलिपर घेऊन वर्गात यायचे आणि आमची नाकं मोजायचे. खोटं नाही सांगत! एकेकाला पुढं बोलवायचे, लांबी-रुंदी घ्यायचे आणि नावं न लिहिता नुसते आकडे फळ्यावर मांडायचे. मग म्हणायचे, "आता सांगा, ह्यातला पाटलाचा कोण अन् मेंढरंवाल्याचा कोण? बोला जल्दी."

आम्ही ठोकून द्यायचो. सगळ्यात पसरट नाक आम्ही बिनधास्त मेंढरंवाल्याच्या पोराचं ठरवलं, तर ते निघालं माझं. म्हणजे गावच्या पाटलाच्या घरातलं! वर्ग हसून हसून लोळला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "इंग्रज साहेब असाच नाकं मोजत फिरला. कोण उंच अन् कोण हलकं, हे तो आधीच ठरवून आल्ता. मोजमाप मागून लावलं. कागदावर आलं, अन् मंग लोकं त्यालाच रगत म्हणाया लागले."

जाफराबादजवळच्या आमच्या गावात सरांचे वडील मेंढरं राखायचे. त्यामुळे वाण कसा तयार होतो, हे सरांना पुस्तकाआधीच माहीत होतं. "मेंढरात वाण असतो, कारण माझ्या बापानं नर निवडून निवडून तो केला," ते म्हणायचे. "तुमचा कोणी निवडला रे?" मला हे इतकं पटलं की पुढं मीही त्याच शाळेत विज्ञानाचाच मास्तर झालो.

माझा धाकटा भाऊ अमोल आणि सरांची मुलगी शीतल जालन्याला एकाच कॉलेजात होते. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. रीतीप्रमाणे मुलीचा बाप म्हणून सर स्वतः विचारायला आले. आमचे वडील वारलेले. घरात शब्द माझा चालायचा. सर खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "भास्कर, दुसऱ्या कुणाच्या दारात गेलो नसतो बघ. तू माझ्या वर्गातला."

मी म्हणालो, "सर, तुमचं सगळं बिलकुल खरंय. पण आम्हाला भावकीत राहायचंय."

"बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठले. आत अमोल ऐकत होता. तो त्या दिवशी जेवला नाही, आणि नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिला.

वर्षाच्या आत सरांनी शीतलला स्वतःच्याच जातीत, तीर्थपुरीला दिलं. त्या जूनपासून कॅलिपर कपाटाबाहेर आलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुला सगळं समजल्तं ना रे? न समजणाऱ्याला शिकवता येतं. समजलेल्याला काय शिकवू?"

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत मी नाकांचा किस्सा सांगितला; लोक हसले, मग रडले. सभा संपल्यावर शीतल जवळ आली. "छान बोललात, दादा," ती म्हणाली. "तुम्ही खोटं कधी बोललाच न्हाईत. त्या दिवशीसुद्धा बाबांचं खरंच हाय म्हणाला होतात." लाजेनं माझी मान वर होईना.

आता माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. परवा तिचा बायोडेटा मीच लिहायला बसलो. 'अपेक्षा' या रकान्यात लिहिलं: निर्व्यसनी, नोकरीवाला. आणि त्यापुढं, हात जरासुद्धा न अडखळता: स्वजातीयच.