त्यांच्या उंचीचा ओटा

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटवत होते. यांचे मित्र दामोदरभाऊ दवाखान्यातून बोलत होते. "वहिनी, नाना पडले... मतलब, डबे वाटता वाटता खाली बसले ते बसलेच. तुम्ही लगेच या." मी रिक्षाने पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. व्हरांड्यात गावोगावच्या बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि मी, सेहेचाळीस वर्षं संसार केलेली बायको, त्यांच्या मागे उभी. पुढे जायला वाट मिळेना. खोटं कशाला लिहू... त्या घटकेला मला दुःख झालं नाही, राग आला. मरायलासुद्धा हा माणूस तिथेच गेला, असं वाटलं. आता दीड महिन्याने पेपरच्या पुरवणीवाल्यांनी माझ्याकडे आठवणी मागितल्या आहेत, 'उतारवयात माणूस काय करू शकतो याचं उदाहरण' म्हणून. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी वगळलेलं मी लिहिते.

बुऱ्हाणपुरात नानांना दोन नावांनी ओळखत. कचेरीत होते तोवर बडे बाबू आणि शेवटची आठ वर्षं खिचडीवाले बाबा. मी बडे बाबूंशी लग्न केलं होतं. हे घरी आले की पाण्याचा पेला हातात द्यावा लागे, तोही तांब्याभांड्याचा आवाज न करता. मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्यांना निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. जेवण आवडलं तर काही बोलत नसत आणि नाही आवडलं तरी बोलत नसत, डाव्या हाताने ताट जरासं पुढे सरकवत आणि उठत. मग मी तिथेच बसून भाजीत काय कमी पडलं ते चाखून शोधायचं. मला अकरा वर्षं पित्ताचा त्रास होता. पण यांना तिखट लागे, म्हणून भाजी तिखटच व्हायची आणि मी पोळी ताकात बुडवून खायची.

लग्न झालं तेव्हा माझं बी.ए.चं पहिलं वर्ष झालं होतं. पुढचं राहिलं ते राहिलंच. मी पन्नाशीला आले तेव्हा आमचा नितीन इंदूरला नोकरीला लागला, घर एकदम रिकामं झालं, आणि मी कॉलेजात जाऊन बी.ए.ला बाहेरून बसायचा, प्रायव्हेटचा फॉर्म आणला. फोटोही काढून घेतला, चष्मा काढून. संध्याकाळी यांना फॉर्म दाखवला. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आता या वयात? लोकं काय बोलतील? बडे बाबूंची बायको पोरींच्या बरोबर परीक्षेला बसून राहिली?" एवढंच. ओरडले नाहीत, फॉर्म फाडला नाही. मी तो कपाटात कागदाखाली सारला आणि कणीक भिजवायला गेले. फोटोतली ती बिनचष्म्याची बाई कित्येक वर्षं माझ्या साड्यांच्या खाली पडून होती.

निवृत्तीनंतर वर्षभर हे नुसते बसून होते. मग कचेरीतला एक मित्र दवाखान्यात दाखल झाला, त्याला भेटायला जाऊ लागले, आणि एक दिवस परत आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे. "खिचडी कशी करतात गं?" मला हसू आलं. म्हणाले, जसोंडीकडून, इच्छापूरकडून लोक पेशंट घेऊन येतात, सोबतची माणसं व्हरांड्यात सुके मुरमुरे खाऊन दिवस काढतात, मला बघवलं नाही. मी शिकवलं. ती माझी चूक. पहिली खिचडी बुडाला लागली, दुसरी नुसतं पाणी झाली, पण माणूस हट्टी. त्रेसष्टाव्या वर्षी चष्मा लावून लसूण सोलायला बसायचे, फोडणीत हात भाजून घ्यायचे, पुन्हा करायचे. सहा महिन्यांत त्यांचा हात असा बसला की मीसुद्धा नाव ठेवू शकले नसते. दामोदरभाऊ आणि आणखी दोघे निवृत्त मित्र येऊन मिळाले. पहाटे पाचपासून अकरापर्यंत माझं स्वयंपाकघर त्यांचं झालं. मी माझा चहा मागच्या पडवीत शेगडीवर करू लागले.

त्याच वर्षी मी चार दिवस बहिणीकडे रावेरला गेले होते. परत येऊन बघते तर ओटा उंच झालेला! हे सहा फुटी, वाकून पाठ दुखे, म्हणून मिस्त्रीला बोलावून वीतभर वर उचलून घेतला होता. नवी काळी फरशी, चकचकीत. मी जेमतेम पाच फूट. माझी कोपरं ओट्याच्या वर जाईनात. मी काही म्हणायच्या आत यांनी देवघरातला पाट आणून खाली ठेवला. "तुझ्यासाठी पाट आहे ना." त्या दिवसापासून मी माझ्याच घरात पाटावर उभी राहून वरण ढवळते.

एकदा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिथे जे पाहिलं ते मला अजून पचलेलं नाही. हा माणूस एकेका बाईपुढे वाकून विचारत होता, "मीठ बरोबर आहे ना माय? अजून वाढू?" एका म्हातारीला घास गिळवेना तर तिच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसले आणि तिची खिचडी चमच्याने मऊ करून दिली. म्हणजे येत होतं. सगळं येत होतं त्यांना... वाकायला येत होतं, विचारायला येत होतं. लोक म्हणतात, नाना उतारवयात बदलले. मी म्हणते, घराबाहेर बदलले. घरी आले की पेला तसाच हातात द्यावा लागे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा सत्कार झाला. सकाळचा कार्यक्रम, शाल, नारळ, हॉल भरलेला. मला पहिल्या रांगेत बसवलं आणि त्यांचा हार माझ्या मांडीवर ठेवला. नाना माइकवर म्हणाले, "शिकायला वय आडवं येत नाही. मनात आलं की माणसाने उठावं आणि सुरू करावं." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुपारी घरी आल्यावर मात्र माझा तोल सुटला. मी विचारलं, "माझा फॉर्म आठवतो?"

"कसला फॉर्म?"

आठवत नव्हतं त्यांना. नाटक नव्हतं, खरंच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं, पेपरसकट, 'पोरींच्या बरोबर'सकट. ते शालीची घडी घालत ऐकत राहिले. मला वाटलं आता तरी म्हणतील, चुकलं माझं. तेवढ्यासाठी मी पंधरा वर्षं थांबले होते. त्यांनी शाल कपाटात ठेवली आणि म्हणाले, "मी नाही म्हटलो तर तू ऐकलंस कशाला? मी तुला विचारलं होतं का, डबे करू का म्हणून? ओटा उचलू का म्हणून?"

इतका राग मला जन्मात कोणाचा आला नव्हता. कारण ते खरं बोलत होते, आणि ज्याला कधी कोणाला विचारावंच लागलं नाही त्याने ते मला ऐकवावं, हे माझ्या जिव्हारी लागलं. आठ दिवस मी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं, ते पहाटे उठून डाळ धूत होते.

तेराव्याला जसोंडीची एक बाई आली. म्हणाली, "बाई, माझ्या पोराला मिरची चालत नव्हती, तर बाबा त्याच्यापुरतं अलग गंजात करून आणे. वीस दिवस." मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते? अलग गंजात, वेगळ्या पातेल्यात. दुपारी दामोदरभाऊ म्हणाले, "वहिनी, काम बंद नको पडायला. तुम्ही फक्त हो बोला." नितीनही म्हणाला, "आई, बाबांचं नाव राहील. तुझंही मन रमेल." माझं मन कशात रमेल हे त्यालाही ठाऊक होतं, मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. पातेली, डबे, मोठी शेगडी, सगळं घेऊन जा म्हटलं. इथल्याच लालबागेत दामोदरभाऊंच्या घरी ते पुन्हा सुरू व्हायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस व्हरांड्यातली माणसं मुरमुऱ्यांवर राहिली आणि ते माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. गावात माझ्याबद्दल काय बोलतात तेही माहीत आहे.

ओटा तसाच आहे. मिस्त्रीला अजून बोलावलेलं नाही. सकाळी पाटावर चढून चहा करते आणि नानांना दोन शब्द ऐकवते, तेव्हा कुठे दिवस सुरू होतो.

गेल्या सोमवारी मी कॉलेजात गेले. नितीनला सांगितलं नाही, दामोदरभाऊंना नाही, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोलाही नाही. खिडकीतल्या बाबूने माझा फॉर्म आणि जुने कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "आंटीजी, बीच में बहुत लंबा गॅप है. कारण लिखना पड़ेगा."

"काय लिहू?"

"कुछ भी लिख दीजिए. शादी, बीमारी, घरेलू कारण... लेडीज सब यही लिखती हैं."

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात मराठीत लिहिलं, 'विचारत बसले.'

त्याने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.