हिराबाईंचे तीस फूट

एकतीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडले, की आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच गृहपाठात मी स्वतः काय दिवे लावले, ते आज सांगूनच टाकते. चहा घ्या आधी. मध्येच हसू नका मात्र, मला मग पुढचं सांगता येत नाही.

तर झालं असं. अंबरनाथच्या शाळेतून मी रिटायर झाले आणि मुलांनी मला कॅमेरा घेऊन दिला. दिसायला अगदी जुन्या पद्धतीचा, वर गोल गोल चकत्या, त्यांच्यावर आकडे. चकती टकटक फिरवली ना, की आपल्याला फार काहीतरी येतंय असं वाटतं. त्याच्याबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तकही होतं. आमचे हे म्हणाले, "मिक्सरचं पुस्तक तू बारा वर्षांत उघडलं नाहीस, हे काय वाचणार?" मला राग आला. पण पुस्तक मी नाहीच उघडलं.

त्याऐवजी क्लास लावला. आम्ही राहतो बदलापूरला, मांजर्लीत, आणि क्लासही जवळच होता. शिकवणारे सर माझ्या धाकट्याहून लहान, पण सर ते सर. विषय होता रस्त्यावरची फोटोग्राफी. सरांचे नियम कडक. भडक कपडे घालायचे नाहीत, लोकांच्या डोळ्यांत भरायचं नाही. तोफेसारखी लांब लेन्स न्यायची नाही, लहानशी एकच न्यायची. माणूस लांब वाटला तर आपण दोन पावलं पुढे जायचं. कुणाला पोझ द्यायला लावायचं नाही. आणि प्रत्येक फोटोचा आकडा वहीत लिहायचा.

कसला आकडा, तर कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडतो त्याचा. आपल्याला एवढंच पुरे, की ऊन असलं तर दोनशे पन्नास, सावलीत सव्वाशे आणि अंधार असला की तीस. उजेड जास्त तर आकडा मोठा, उजेड कमी तर आकडा लहान. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा याच्यावरूनच झाला.

गृहपाठ मिळाला 'दारातला माणूस'. दाराची चौकट आणि तिच्यात माणूस, असे दहा फोटो आणायचे. मी म्हटलं, अंबरनाथच्या बुवापाड्याला जाऊ. दाटीवाटीची घरं, प्रत्येक दाराला निराळा रंग. मी शिकवायचे ते स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळे तिकडे मला ओळखणारं कुणी नाही, हाही एक फायदाच वाटला.

मंगळवारी सकाळी दहाला मी तिथे हजर. अंगात राखाडी पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला दोरी, हातात वही आणि पेन. आता तुम्हीच सांगा, ही बाई तुम्हाला कोण वाटेल? तुमच्या लगेच लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. मला वाटत होतं, मी कलावंत दिसतेय.

पहिल्याच घरात रंजना नावाची बाई उंबऱ्यावर बसून जीन्सचे धागे कापत होती. उल्हासनगरच्या कारखान्यातून तयार पँटी गठ्ठ्याने घरी येतात, लोंबणारे धागे कापून परत द्यायच्या. निळं दार, निळा ढीग, वरून ऊन! मी हरखले. आता सरांचा नियम असा, की न बोलता फोटो काढायचा. पण मी पडले शिक्षिका. मतदार याद्यांच्या कामाला वर्षानुवर्षं दारोदार फिरलेली. तोंडातून आपोआपच निघालं, "नाव काय ताई तुमचं? जरा दारात उभ्या राहता का?"

रंजना झटकन उठली. आत गेली, केस विंचरून, साडी बदलून आली आणि हातात आधार कार्ड. मला काय तिचं कौतुक वाटलं! म्हटलं, किती व्यवस्थित माणसं आहेत. कार्ड लागत नाही म्हणून सांगितलं, चकती फिरवली, फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'रंजना, निळं दार, २५०'.

शेजारचं घर पत्र्याच्या सावलीत होतं. तिथे लिहिलं १२५. त्याच्या पुढचंही १२५. चौथ्या घरापासून मला हाक मारावीच लागेना. बायका आपापल्या दारात नटून उभ्या. मी म्हणतेय, नेहमीसारखे राहा, तर त्या आणखी ताठ होतायत. एकीने नवऱ्याला फोन करून कंपनीतून अर्धी सुट्टी टाकायला लावली. चहा आला, बिस्किटं आली. मला वाटलं, कलेची इतकी कदर आमच्या घरातसुद्धा कुणी केली नाही.

चहा देताना रंजनाने हळूच विचारलं, "मॅडम, हातात कधी मिळेल?"

"पंधरा दिवसांत," मी म्हटलं.

"इतक्या लवकर?"

"हो. आणि मोठं करून देईन."

"सगळ्यांना?"

"ज्यांचं चांगलं येईल त्यांना," मी म्हटलं.

आता खरी गोष्ट ऐका. ती मला नंतर कळली. त्या गल्लीत महिनाभर एकच चर्चा चालू होती, की घरं पाडून इमारत होणार, त्याआधी माणसं येऊन मोजणी करणार, दारात उभं करून फोटो काढणार, आणि ज्याचं घर जेवढ्या फुटांचं तेवढा त्याला फ्लॅट. रंजना तर माझ्या खांद्यावरून वही वाचत होती. तिने स्वतःच्या नावापुढे दोनशे पन्नास वाचलं आणि मनातल्या मनात फ्लॅटला पडदेही लावले. मी मात्र फोटोच्या प्रिंटबद्दल बोलत होते.

शेवटचं घर हिराबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचे यजमान काड्यापेटीच्या कंपनीत होते, तेव्हापासून त्या इथे. घर गल्लीच्या टोकाला, समोर भिंत, दुपारीसुद्धा आत दिवा लागतो. हिराबाई दारात उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. मी चकती तीसवर आणली, श्वास रोखून फोटो काढला आणि वहीत लिहिलं. माझा सगळ्यात चांगला फोटो हाच, अशी माझी खात्री होती.

"काय लिवलं?" हिराबाईंनी विचारलं.

रंजनाने माझ्या खांद्यावरून वाचलं, "तीस."

"आन् तुझं?"

रंजना जरा घुटमळली. "दोनशे पन्नास."

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "तीस फुटात म्या काय उभी झोपू व्हय, बाई?"

मला काही कळेना. फूट कुठले? तेवढ्यात बाकीच्यांनाही आपापले आकडे आठवले. सव्वाशेवाल्या बायका म्हणायला लागल्या, रंजनाचं घर आमच्याएवढंच, मग तिला दुप्पट का? रंजना म्हणाली, मी काय लाच दिली का? नुसता चहाच दिला! कुणीतरी धावत जाऊन मोजायचा टेप आणला. आणि गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, रिक्षा चालवणारे पवार, गर्दीतून वाट काढत पुढे आले.

पवारांनी शांतपणे माझ्या हातातून वही घेतली. विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुणी पाठवलंय?"

मी घाबरून खरं ते सांगितलं. म्हटलं, सरांनी.

"कुठले सर?"

"बदलापूरचे."

गर्दीत कुजबुज झाली. बदलापूरचे सर म्हणजे नक्की वरचे साहेब, असा सगळ्यांनी अर्थ लावला. आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईने म्हटलं, "अहो, हे फूट नाहीत, हा उजेडाचा आकडा आहे. हिराबाईंकडे अंधार आहे ना, म्हणून कमी लिहिलाय."

पवार म्हणाले, "म्हणजे ज्याच्या घरात अंधार, त्याला जागा कमी?"

"हो! नाही, नाही! तसं नाही!"

पण ते 'हो' सगळ्यांनी ऐकलं होतं. हिराबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "चाळीस वरसं काढली हितं. ह्यो पत्रा त्येंनी हातानं घातला. मला दुसरं काय न्हाई बाई, ह्येच हाय." मला पवारांची भीती वाटत होती, कॅमेरा फुटायची वाटत होती, पण हिराबाईंना तसं बघून मला माझीच लाज वाटली. छंद माझा, आणि घर त्या म्हातारीचं गेलं.

"मी कुणीच नाही हो," मी म्हटलं. "रिटायर शिक्षिका आहे. हौस म्हणून फोटो काढतेय. मला मोजणीतलं काही म्हणजे काही माहीत नाही."

कोण विश्वास ठेवणार? मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. म्हटलं, प्रयोग करून दाखवते. हिराबाईंना पुन्हा दारात उभं केलं. म्हटलं, आता मी चकती दोनशे पन्नासवर ठेवते. बघा, या अंधारात फोटो काळाकुट्ट येणार. आणि तो आला, की माझा आकडा उजेडाचा होता हे तुम्हाला पटेल. सगळे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकले. मी बटण दाबलं.

फोटो झकास आला. हिराबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती मोजून घ्या.

"आला की दोनशे पन्नासला!" मागून एकजण म्हणाला. "म्हणजे मुद्दाम तीस लिहिलं!"

मी चकती तीसवर आणली, फोटो तसाच. पाचशेवर नेली, तसाच. हजारवर नेली, तरी हिराबाई आपल्या तशाच उजळ. सरांनी शिकवलेलं सगळं खोटं, की हा कॅमेराच फितूर, मला काही सुचेना. गर्दी पुढे सरकायला लागली होती.

तेवढ्यात रंजना कॅमेऱ्याजवळ डोळे नेऊन म्हणाली, "मॅडम, ह्या खटक्यावर ऑटो लिहिलंय."

"असेल," मी म्हटलं.

"माझ्या मोबाईलमध्ये पण असतं. ऑटोवर ठेवलं की तो आपला आपणच सगळं करतो. तुम्ही वरचं काहीही फिरवा, त्याला काय फरक पडत नाही ना?"

मी बघितलं. चकतीच्या खाली एक बारीक खटका, आणि तो ऑटोवर. पहिल्या दिवसापासून. म्हणजे दोन महिने मी जी चकती टकटक फिरवत होते, ती कशालाच जोडलेली नव्हती. वहीतले सगळे आकडे फुटांचे तर नव्हतेच, उजेडाचेही नव्हते.

पवारांनी खटका बघितला. वही बघितली. मग माझ्याकडे बघितलं. वही मिटून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "चला, घरी जा सगळे. ह्या मोजणीवाल्या नाहीत. ऑफिसवाल्यांना मशीन तरी चालवता येते."

काय सांगू, आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता, आणि कुठल्या सत्कारात इतकं बरंही वाटलं नव्हतं. मनावरचं सगळं ओझं उतरलं. मी हिराबाईंच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले. त्यांनी विचारलं, "मंग घर जात न्हाई ना?" मी म्हटलं, माझ्यामुळे तरी नाही, देवाशपथ नाही. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि मग जे हसायला लागल्या! अख्खी गल्ली हसायला लागली. अर्धी सुट्टी टाकून आलेला तो नवरा तेवढा हसत नव्हता. त्याची मी मनापासून माफी मागितली.

निघताना हिराबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "बाई, आकडा खोटा आसंल. पर माझ्या नावाम्होरं तीस ठिवू नगंस." मी तिथेच तीसवर काट मारली आणि ठसठशीत २५० लिहिलं. त्यांनी रंजनाकडून ते दोनदा वाचून घेतलं.

पंधरा दिवसांनी सगळ्यांना मोठे करून फोटो दिले. चांगले आले त्यांनाही आणि नाही आले त्यांनाही.

आणि गृहपाठ? सरांनी वही शांतपणे तपासली. म्हणाले, मॅडम, एकेक आकडा अगदी अचूक लिहिलाय, वर्गात एवढं शिस्तीचं काम कुणाचं नाही. खटक्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मग ते शेवटच्या ओळीवर थांबले, हिराबाईंच्या नावाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "फक्त इथे चुकलात. इतक्या अंधारात दोनशे पन्नास शक्यच नाही."

मी म्हटलं, "सर, अख्ख्या वहीत तेवढं एकच बरोबर आहे."