पंचमीच्या पातोळ्या

गडमुडशिंगीत चिमणाबाई आणि तिची थोरली जाऊ बायडाबाई यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. एका आवारात दोन चुली, मधे गोठा. चिमणाबाई कुडाळकडची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात बायडाबाईनं तिला 'कोकणातलं भूत' म्हणून टाकलं. चिमणाबाईनंही कधी पडतं घेतलं नाही. पीठ संपलं तर उपाशी राहील, पण गोठा ओलांडून मागायला जाणार नाही, असली बाई.

वैराचं मूळ पातोळ्यांत. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, वर गूळखोबरं, पान दुमडून वाफवायचं. नागपंचमीला गावात काही चिरत नाहीत, तळत नाहीत. घरोघरी पुरणाची दिंडं उकडतात. सासूला मात्र धाकटीच्या पातोळ्यांनी जिंकलं. डोळे मिटताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "वारुळाला घरचा निवद चिमणाचा. जवा तिला जमायचं न्हाय, तवा थोरलीनं न्यावा." थोरलीचा मान असा धाकटीला गेलेला कुणाला सोसेल? त्या दिवसापासून बायडाबाई टपून बसली.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी चिमणाबाई डोळे दाखवायला कोल्हापूरला गेली. नारळ खवून ठेवला होता. पानं परतल्यावर तोडू म्हणाली, तिथंच चुकली. दिवेलागणीला परतली तर परसातला हळदीचा वाफा भुईसपाट.

"म्हस सुटलती गं," बायडाबाई दारातून म्हणाली. "उद्याचा निवद आता आमचाच."

दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही आणि पंचमीला तर पान खुडणंही पाप. शेजारी हळद असून उपयोग नव्हता. चिमणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वाफ्यात म्हशीच्या खुराचा ठसा नव्हता, सगळे दांडे एका तिरक्या घावात कापलेले. मग पानं गेली कुठं? म्हशीपुढं टाकावीत, तर म्हैस हळद खात नाही. सकाळी ती शोधत बांधावर गेली. उसाच्या सरीत पानांचा भारा पडला होता, भुरभुर पावसानं ताजाच राहिलेला.

वारुळापाशी तिनं ताटावरचं फडकं काढलं आणि हळदीचा वास सुटला. बायडाबाई दिंडांचं ताट घेऊन गावच्या बायकांच्या पुढं उभी होती.

"पंचमीला पानं तोडलीस? घराचं वाटोळं करतीस व्हय गं!"

बायका वळून बघू लागल्या.

"मी न्हाय तोडली, अक्का. कालचीच हायत, सरीतनं वेचून आणली. दांडं बघा की, इळ्यानं कापल्यात. म्हस सुटलती म्हणालासा न्हवं? तिला इळा धरायला कवा शिकवलासा?"

बायका खो खो हसल्या. बायडाबाईचं ताट गुमान मागं गेलं.

निवद दाखवून चिमणाबाईनं प्रसाद वाटला. बायडाबाईनं उभ्या जन्मात पातोळी तोंडाला लावली नव्हती. पण वारुळापुढं प्रसादाला नाही कोण म्हणणार? चिमणाबाईनं सगळ्यात मोठी पातोळी निवडून तिच्या हातावर ठेवली.

"खावा," ती म्हणाली, आणि शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलली नाही.