सुमेध पिचर होता

सुमेध सॉफ्टवेअर इंजिनिअर नव्हता.

मेल्यावर तरी त्याचं प्रमोशन करू नका.

आपल्या ग्रुपवर कालपासून मेसेज फिरतोय. "एक हुशार सॉफ्टवेअर इंजिनिअर हरपला." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. फोटो ग्रॅज्युएशनच्या गाऊनमधला.

अरे, कोणाला विचारून लिहिलंत?

सुमेध माझ्या ताईचा मुलगा. मागच्या आठवड्यात सकाळी कामावर निघाला आणि हायवेवर अपघातात गेला. अजून पस्तिशीचाही नव्हता.

तो पिचर होता. बेसबॉलमध्ये बॉल टाकणारा. आणि प्रोफेशनल, म्हणजे टीम त्याला त्याचा पगार द्यायची. सगळ्यात वरच्या लीगपर्यंत नाही पोचला. खालच्या लीगमध्ये सात वर्षं खेळला. बसमध्ये झोपायचं, बसमध्येच जेवायचं, उतरलं की खेळायचं. मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, पुन्हा श्रीगणेशा. कोपराने दुसऱ्यांदा दगा दिला तेव्हा थांबला आणि एका ऑफिसात हेल्प डेस्कला लागला.

मी विचारलं, "काय काम असतं रे?"

"मावशी, आय रिसेट पासवर्ड्स. दॅट्स इट."

त्याला स्वतःला लाज नव्हती. लाज तुम्हाला होती.

इथे अमेरिकेत, आयसेलिनला आपल्यापैकी कोणाच्याही घरी जेवायला गेलो की तेच. "अजून खेळतोच का?" "ते ठीक आहे, पण काम काय करतो?" एक काका तर त्याच्या तोंडावर म्हणाले, "क्रिकेट असतं तर गोष्ट वेगळी होती यार."

सुमेध हसला आणि त्यांना भाजी वाढली. माझं डोकं फिरलं होतं.

सात वर्षांत त्याची एक मॅच बघायला आपल्यातलं कोण गेलं होतं? हात वर करा.

मी गेले होते. ताई आणि भाऊजींबरोबर. छोटंसं ग्राउंड, खाली रेलिंगला लागूनच टीमचं बाक. त्या दिवशी सुमेध असा काही बॉल टाकत होता की समोरच्यांच्या एकाचीही बॅट नीट लागेना. नऊपैकी सातवी इनिंग संपली तरी एकही हिट नाही. ही फार मोठी गोष्ट असते. कित्येक पिचर्सना आयुष्यात जमत नाही.

आम्हाला काय माहीत! आम्हाला दिसलं ते वेगळंच.

सुमेध बाकाच्या एका टोकाला एकटा बसला होता. बाकीची सगळी पोरं दुसऱ्या टोकाला. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं, कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. एक जण पाणी प्यायला आला तोसुद्धा लांबून वळसा घालून गेला.

ताईचा चेहरा उतरला.

आमच्या आजोबांना शाळेत वेगळं बसवायचे. पाणी वरून ओतायचे. हे ऐकत ऐकत आम्ही बहिणी मोठ्या झालो. त्यामुळे एकटा बसवलेला मुलगा दिसला की आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होतो.

"वाळीत टाकलंय माझ्या लेकराला," ताई म्हणाली. आणि उठलीच.

भाऊजी "अगं थांब, अगं थांब" करत मागे धावले. ती कसली थांबते! रेलिंगला जाऊन उभी राहिली आणि कडाडली, "व्हाय इज नोबडी सिटिंग विथ माय सन? व्हॉट इज राँग विथ हिम?"

सगळं बाक गार. कोच पांढराफटक पडला.

मग कळलं. पिचरने एकही हिट दिलेली नसली की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्या गोष्टीचं नावही काढायचं नाही, असा रिवाज आहे. बोललं की नजर लागते म्हणे. अमेरिकेत राहून नजर!

पुढच्या इनिंगला पहिल्याच बॅटरने सणसणीत हिट मारली. संपलं.

मॅचनंतर ताई पार्किंगमध्ये रडत होती. सुमेधने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "आई, दे लेफ्ट मी अलोन बिकॉज आय वॉज गुड."

त्या दिवसाचा दोष त्याने तिला कधीच दिला नाही.

आता कालचं सांगते.

फ्युनरल होममध्ये आपली मंडळी आली आणि मागच्या खुर्च्या धरून बसली. पार्किंग कुठे मिळालं, येताना ट्रॅफिक किती होतं. पुढे शवपेटीजवळ ताई-भाऊजी आणि मी. पुढच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

तेवढ्यात मार्कस आला. सुमेधचा कॅचर, त्याचा बॉल झेलणारा. त्या दिवशी बाकावर सगळ्यात जास्त घाबरलेला तोच होता. आता टक्कल पडलंय. सात तास ड्राइव्ह करून आला होता. त्याने एक खुर्ची उचलली, शवपेटीला अगदी चिकटवून ठेवली आणि बसला.

ताईने त्याच्याकडे बघितलं.

"मॅम," तो म्हणाला, "टुडे आय गेट टू सिट विथ हिम."

ताईने त्याचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

म्हणून आज स्पष्ट लिहितेय. रविवारी पुण्यानुमोदनाला गाऊनवाला फोटो लागणार नाही. ताईने बॉल टाकतानाचा फोटो दिलाय. आपल्या कमिटीतून मला फोन आला, "तोंड वेडंवाकडं दिसतंय हो, जरा डीसेंट फोटो नाही का?"

नाही. जीव तोडून बॉल टाकताना तोंड तसंच होतं. कधी बघायला आला असतात तर माहीत असतं.

फोटोखाली लिहिणार आहोत: सुमेध, पिचर. बस.

यायचं असेल तर या. पण मागे बसू नका. मुलगा आयुष्यभर आपल्यात एकटा बसला, आणि तो काही त्याचा खेळ चांगला चाललाय म्हणून नव्हता.

सुमेध, तुझ्या मावशीचा तुला शेवटचा जय भीम.

रविवारी तुझ्या फोटोशेजारच्या खुर्चीवर मी बसणार आहे. खूप बोलणार आहे. आता नजर लागायची भीती नाही.