नकाशा फिरवणारा माणूस

एन्नोरचा तो मच्छीमार आमच्या कार्यालयात आला, की आधी टेबलावरचा नकाशा फिरवतो. समुद्र पोटाशी घेतो, किनारा समोर ठेवतो. मी नकाशा सरळ करते, तो पुन्हा फिरवतो. "मॅडम, होडीतून किनारा असाच दिसतो," असं तमिळमध्ये शांतपणे सांगतो. मला त्याचा रागच यायचा.

समुद्रात जहाजं कुठे थांबतील, पवनचक्क्या कुठे, मासेमारी कुठे, हे कागदावर आखणं माझं काम. परवाच्या बैठकीत साहेबांनी जहाजांच्या नांगरासाठी एक चौकोन दाखवला. म्हणाले, "इथे काहीच नाही."

बैठकीला आलेला तो मच्छीमार उठला. नकाशा फिरवून त्यानं माझं पेन घेतलं. होडीतून बघताना वीजकेंद्राची चिमणी देवळाच्या कळसामागे गेली की पाण्याखाली खडक, खडकापाशी मासा, असं पुटपुटत त्यानं त्या चौकोनात सात ठिपके दिले आणि प्रत्येक खडकाचं नाव लिहिलं.

"खोडायचं तर खोडा, सार. पण आधी वाचा."

साहेबांनी नकाशा सरळ केला, तर अक्षरं आडवी पडली. थोडा वेळ त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. मग स्वतःच नकाशा फिरवला.