मूळ न सापडलेली गाठ

मामा गेल्याची तार अकोल्याला, मी शिकवायचो त्या शाळेत आली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो त्याच्या गाठीचा. परत उठली असेल का? दर्यापूरच्या बसमध्ये दुसरा विचारच सुचला नाही. धाकट्या मामानं दारातच सांगितलं, "जेवला, बाजेवर लवंडला अन् उठलाच नाई. डाक्टर म्हणे, हार्ट." मला हायसं वाटलं. मेलेल्या माणसाच्या दारात असं वाटणं बरं दिसत नाही... पण वाटलं.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. मामाच्या मानेत, जबड्याखाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यानं सगळा हंगाम ती अंगावर काढली. शेवटी मीच त्याला अमरावतीच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला गेला आणि कॅन्सर निघाला. पण तो तिथला नव्हता, शरीरात दुसरीकडून कुठून तरी आलेला होता. घसा पाहिला, नाक पाहिलं, छातीचा फोटो काढला, पोट झालं. काही दिसेना. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "मूळ जागा सापडत नाही. ती सापडेपर्यंत थांबलो तर उशीर होईल. घसा आणि मान धरून नागपूरला किरणांचा शेक देऊ."

मामा उठून उभाच राहिला. "मूळ भेटलं का मंग बोलवा."

आमच्या काळ्या जमिनीत कुंदा नावाचं गवत फार खोल मुळं धरतं. उन्हाळ्यात ते खणून काढायचं. लोक मजूर लावत. मामा मात्र स्वतः खड्ड्यात उतरायचा आणि मुळाचं टोक हाती आल्याशिवाय वर येत नसे. मूळ ठेवून वरचं कापणं म्हणजे त्याच्या लेखी आळशाचं काम. दवाखान्यातून घरी आल्यावरही तेच पालुपद. भेटायला येणारा जो तो मूळ सुचवी, कोणी तंबाखू, कोणी विहिरीचं खारं पाणी, आणि मामा अधिकच हटून बसे. मी समजावून थकलो, चिडलोही. गाठ वाढत होती.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता मामी बोलली. एरवी ती त्याच्यापुढे फारशी बोलत नसे.

"एखांद्या साली कुंदा पुरा नाई निघाला, तं वावर पडित ठेवलं का तुमी कधी?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"पेरलंच ना? जिथं फुटला तिथं डवरा हाणून वरचेवर कापला. कापूस आलाच ना घरी?"

मामा बराच वेळ ताटातली भाकरी कुस्करत राहिला. मग मला म्हणाला, "नागपूरची गाडी कवा हाय?"

शेक घेऊन आला तेव्हा मान काळवंडली होती, घास उतरत नव्हता. पण गाठ विरली. मूळ शेवटपर्यंत सापडलं नाही आणि हळूहळू आम्ही त्या मुळाचा शोधही सोडला. मामानं पोरींची लग्नं केली, नातवंडं खांद्यावर घेतली, माझ्याशी राजकारणावरून मनसोक्त भांडला...

तेरवी झाल्यावर मामीजवळ बसलो होतो. ती हलक्या आवाजात म्हणाली, "यायले मालूम नव्हतं. हे झोपेत असतानी मी रोज पहाटे मान चाचपून पाहो. शेवटी आंघोळ घातली, तवाही हात फिरवला. काईच नव्हतं रे."

आणि तेव्हा कुठे ती रडली, अगदी मोकळं होऊन. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "अजून बी पहाटे हात जाते तिकडं. नुसती उशीच हाताले लागते."